आप्पांचं वाफेचं इंजीन

कॅसलरॉकला दोरीवर वाळत घातलेला कपडा पांढरा राहत नसे. मावशी म्हणायची, इथं दोनच रंग, पावसाळ्यात शेवाळाचा आणि बाकीच्या वर्षात काजळीचा. तिची खोली रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. घाट चढून येणाऱ्या गाडीला एक इंजीन पुढून ओढायचं आणि एक मागून ढकलायचं, आणि ती दोन्ही एकमेकांशी न जुळणाऱ्या ठेक्यात धापा टाकत वर यायची, तेव्हा मावशीच्या फळीवरची ताटं थरथरायची. आमच्या गावाकडे, गुंदला, पुढची शाळा नव्हती म्हणून मला तीन वर्षं तिच्याकडे ठेवलं होतं. मावशीचा नवरा रेल्वेत गँगमन. पहिले काही दिवस गाडी आली की मी दचकायचे. पुढे पुढे गाडीला उशीर झाला की दचकायला लागले. माझं शिकणं संपत आलं त्या सुमाराला डिझेलची इंजिनं दिसू लागली होती. ती आली की ताटं हलायची नाहीत, नुसती जमीन गुरगुरायची. मावशीला ती आवडली, कारण कपडे पांढरे राहू लागले.

मावशीच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मिंगेल राहायचा. मूळचा गोव्याकडचा, रेल्वेच्या शेडमध्ये जन्मभर फिटर. बायको वारलेली, मुलगी मडगावला दिलेली. माणूस कमी बोलायचा आणि बोलला की अर्धं कोकणी, अर्धं मराठी. घराच्या मागे पत्र्याचा एक आडोसा होता, त्यात तो संध्याकाळी काही ना काही घासत बसलेला असायचा. कानशीचा तो आवाज मला अजून वेगळा ओळखता येतो, लांब, एकसारखा, मध्येच थांबून फुंकर मारल्याचा. मी पहिल्यांदा त्या आडोशात डोकावले तेव्हा तिथे नुसती चाकं होती. तिसऱ्या वर्षी तिथे पूर्ण इंजीन उभं होतं.

ते रुळावरचं नव्हतं. पूर्वी परदेशात शेतात नांगर ओढायला, मळणी काढायला, रस्त्यावरून ओझी न्यायला वाफेची जी इंजिनं असत, त्यांतल्या एकाची ती लहान प्रतिकृती होती. कुठल्याशा साहेबाने गाव सोडताना टाकून दिलेल्या मासिकातले नकाशे बघून मिंगेलने ती केली होती. उंचीला माझ्या कमरेपर्यंत, लांबीला दोन वर्षांच्या वासराएवढी. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान, वर उंच धुराडं, बाजूला जड फिरतं चाक, आणि या सगळ्याच्या मधोमध तांब्याचा बॉयलर. वरून हिरवा रंग. हे खेळणं नव्हतं. त्यात खरा कोळसा जळायचा, खरी वाफ व्हायची, आणि फिरत्या चाकावर पट्टा चढवला तर त्यावर एखादं लहानसं यंत्र चालवता येण्याएवढा जोर होता. मी मिंगेलला विचारलं होतं, रेल्वेत जन्म काढून रुळावरचं का नाही केलं? तो म्हणाला, "रुळाचेर खूब चल्लों गो. हें खंयंय वता." रुळावर खूप चाललो, हे कुठंही जातं.

माझी दहावीची परीक्षा संपली तेव्हा मला न्यायला आप्पा आले. आमचे आप्पा म्हणजे गुंदजवळच्या वाडीतले चार खाचरं भात, थोडा ऊस आणि दोन बैल असलेले शेतकरी. आमच्या घरात गरजेपलीकडची एकही वस्तू नव्हती, आणि असली पाहिजे असं आप्पांना कधी वाटलंही नव्हतं. मावशीसाठी ते मुडलीचा कंद घेऊन आले होते, लहान मुलाएवढा, पंच्यात गुंडाळलेला, आणि बाटलीभर मध. चहा पिऊन ते पाय मोकळे करायला मागच्या दाराने बाहेर पडले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी बघायला गेले. मिंगेलने इंजीन पेटवलं होतं. मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर कायमचं राहायला जायचं होतं, तिथे ते नेता येणार नव्हतं, म्हणून तो जाण्याआधी रोज एकदा ते चालवून घ्यायचा. आप्पा आडोशाच्या खांबाला एक हात टेकून उभे होते. चाक फिरत होतं, धुराड्यातून बारीक फुसफुस येत होती आणि आप्पांच्या तोंडाकडे बघून मला थोडं लाजल्यासारखं झालं. मोठ्या माणसाचा चेहरा इतका उघडा मी तोवर पाहिला नव्हता.

नंतर मावशीच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, की लहानपणी ते त्यांच्या वडिलांबरोबर लाकडाच्या डेपोत कामाला जात. तिथे मोठी करवत फिरवायला वाफेचं इंजीन होतं. मजुरांनी जवळ जाऊ नये म्हणून भोवती दोरी बांधलेली होती. "चार म्हयनं मी त्या दोरीला पोट लावून हुबा ऱ्हायलो," आप्पा म्हणाले. "एकदाबी कुणी आत घेतलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिंगेलला विचारलं, देतोस का. घरात पाण्याच्या पंपासाठी पैसे बाजूला ठेवलेले होते, ते त्यांनी या कामाला लावले. त्यांनी मनाशी हिशेबही जुळवून टाकला होता: इंजिनावर पट्टा चढवायचा, पट्ट्यावर लहान चरक फिरवायचा, ऊस गाळायचा, म्हणजे बैलांना गोल फिरवत बसायला नको. मिंगेलने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, शिकल्याशिवाय देणार नाही.

"शिकायला कितीसं लागतंय?" आप्पा म्हणाले.

"धा दीस."

"धा दिवस? माझं ऊस वाळून जाईल की रे, मिंगेल."

"मग तुझ्या धुवेक दवर," मिंगेल म्हणाला. तुझ्या मुलीला ठेव. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला कोणी विचारलं नाही. आप्पा दोन दिवस राहिले. त्या दोन दिवसांत त्यांनी पट्टा कुठं बसतो, चाक कुठल्या बाजूला फिरतं, ऊस किती लागेल, एवढंच विचारलं. मग ते गेले आणि मी राहिले.

ते दहा दिवस माझ्या आठवणीत एका तुकड्यासारखे आहेत, पहिला आणि सातवा वेगळा काढता येत नाही. सकाळी मावशीकडची कण्यांची पेज आणि कैरीचं लोणचं खाऊन मी आडोशात जायचे. आधी राख काढायची, मग आतल्या नळ्या तारेच्या ब्रशने झाडायच्या, मग पाणी. पाणी नेहमी दुहेरी फडक्यातून गाळून. मिंगेल त्या बाबतीत सोवळं पाळणाऱ्या बाईसारखा होता. मग बारीक ढलप्या, वर मूठभर कोळसा, आणि फुंकायला भाता. बॉयलरच्या मागच्या बाजूला एक उभी काचेची नळी होती, करंगळीएवढी, वरून आणि खालून बॉयलरला जोडलेली. बॉयलरमध्ये जेवढं पाणी तेवढंच त्या नळीत दिसायचं. शेजारी वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ होतं. माझी नजर सारखी घड्याळाकडे जायची, कारण त्याचा काटा हलायचा. मिंगेल माझी हनुवटी बोटाने धरून काचेकडे वळवायचा. "उज्याक भियेनाका गो बाय, उदकाक भिये." विस्तवाला भिऊ नकोस, पाण्याला भी. बॉयलरमध्ये भट्टीचं छत पाण्याखाली बुडालेलं असतं. पाणी कमी झालं आणि ते छत उघडं पडलं, की तांबं मऊ होतं, आणि वाफेला वाट मिळते. हे त्याने मला शब्दांत सांगितलं नाही. त्याने चुलीवर रिकामं जर्मनचं पातेलं ठेवलं आणि त्याचा तळ कसा खाली आला ते दाखवलं. पातेलं मावशीचं होतं. तिने आम्हा दोघांना ऐकवलं.

पुढे नोकरीची सगळी वर्षं मी बेळगावला एका कारखान्याच्या बॉयलरपाशी काढली. परवान्याच्या परीक्षेला बसले तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं होतं, बॉयलरवर हात कुठं बसला? मी म्हटलं, शेजारी. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. दहा दिवसांत मी जे शिकले त्याहून फार काही पुढच्या तीस वर्षांत शिकले असं मला वाटत नाही. फक्त नावं कळली.

अकराव्या दिवशी आप्पा लॉरी घेऊन आले. मिंगेलने इंजीन स्वतः पुसलं, दोन पोती कोळसा दिला, आणि एक पितळी सळई माझ्या हातात ठेवली. तिच्यावर दोन ओरखडे होते. इंजीन थंड असताना वरचं बूच काढून ती आत बुडवायची. पाणी वरच्या ओरखड्यापर्यंत आलं तर ठीक, खालचा ओरखडा म्हणजे भट्टीचं छत. लॉरी निघाली तेव्हा तो बाहेर आला नाही. आडोशातून कानशीचा आवाज येत होता. घासायला तिथे काय उरलं होतं कोण जाणे.

लॉरी फाट्यापर्यंतच आली. तिथून वाडीपर्यंत बैलगाडी. आमचे बैल तेलाच्या वासाने बुजले आणि अर्धी वाट फुरफुरत चालले. ज्यांची सुटका करायला इंजीन आणलं होतं त्यांनीच ते ओढून आणलं. अंगणात ते उतरवलं तेव्हा आई कुळीथ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, इंजिनाभोवती एक फेरी मारली, आणि विचारलं, "पंप ह्यो?"

"पंप न्हवं. वाफंचं इंजीन हाय. ऊस गाळंल," आप्पा म्हणाले.

आईने सूप उचललं. ती आत गेली आणि त्या दिवशी कुळथाच्या पिठल्याला मीठ जास्त पडलं. ते सगळ्यांनी तसंच खाल्लं. आईच्या वाट्याचं बोलणं आत्तीने केलं. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच असायची. आमच्याकडे आत्याला कानडीसारखं आत्ती म्हणतात. "आडात पाणी न्हाई, शिवारात पाणी न्हाई, आनि ह्येनं पाणी पिणारं जनावर आणलं," ती भाकरी थापता थापता म्हणाली. आप्पा तिला घाबरायचे. "अक्का, चार दीस थांब," एवढंच ते म्हणाले.

चार दिवसांत त्यांनी हल्याळच्या बाजारातून हाताने फिरवायचा जुना चरक आणला, तो खळ्यात दोन ओंडक्यांवर पक्का केला, आणि बैलाच्या चामड्याचा पट्टा करून घेतला. उसाचा शेवटचा तुकडा त्यांनी त्यासाठी तोडायचा ठेवला होता. मग घरोघर सांगून आले. आमची वाडी बारा-चौदा घरांची. तिच्या म्होरक्याला बुधवंत म्हणतात. तो पंचे-पागोट्यात आला. बायका आल्या, म्हातारे आले. खळ्याच्या दगडी गडग्यावर पोरं ओळीने बसली, पाय खाली सोडून, इंजिनापासून चार हातांवर. आईने सगळ्यांसाठी केळीच्या पानातले गूळखोबऱ्याचे पातोळे उकडायला ठेवले होते. त्या वासात कोळशाचा वास मिसळला होता आणि दोन्ही एकमेकांना अजिबात शोभत नव्हते.

मी अंघोळ करून, डोकं बांधून खळ्यात आले तेव्हा आप्पांनी बॉयलर भरून ठेवला होता.

"गाळून घातलासा?" मी विचारलं.

"व्हय, व्हय. पेटीव आता. बुधवंत कवापासनं बसलाय."

मी पेटवलं. पाऊण तासात दाब चढला. आप्पांना हात लावायचा होता, म्हणून वाफ सोडायचा दांडा मी त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो इतक्या हळू ओढला की आधी काहीच झालं नाही. मग चाकाने एक उसासा टाकल्यासारखं केलं, अडखळलं आणि फिरू लागलं. पट्टा ताणला, चरकाचे दोन्ही रूळ आत वळले. आप्पांनी पहिलं कांडं लावलं आणि ते आत ओढलं गेलं. दुसरं लावलं. खालच्या घागरीत रसाची धार पडली तशी गडग्यावरून पोरांनी आरोळी ठोकली, आणि बुधवंताने पागोटं मागे सारून म्हटलं, "आयला, गाळतंय की रं!" आप्पा हसत नव्हते. ते फक्त कांडी लावत होते, एकामागून एक, आणि प्रत्येक कांडं आत जाताना जरा पुढे वाकून बघत होते. घागर भरली, दुसरी लावली. मी काच बघत होते. पाणी अर्ध्यावर होतं, ठीक होतं, म्हणून मी बॉयलरमध्ये पाणी घालायचा हातपंप मारला नाही.

किती वेळ गेला नक्की सांगता येत नाही. दुसरी घागर अर्धी झाली असेल. मला पहिल्यांदा काही खटकलं ते काय, हे कळायलाही थोडा वेळ लागला. इंजीन चालू असताना काचेतलं पाणी नाचतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते थोडं वर-खाली होतं. हे नाचत नव्हतं. तळ्यासारखं स्थिर होतं. आणि मी नीट पाहिलं तर ते अर्ध्यापेक्षा केसभर वरच आलं होतं. इंजीन इतका वेळ पाणी पीत होतं, मी थेंबभर घातलं नव्हतं, आणि काचेत पाणी वाढत होतं.

काचेखालची चावी मी उघडली. मिंगेलकडे वाट मोकळी आहे का बघायला रोज उघडायची, आज माणसांच्या गर्दीत राहून गेली होती. काचेतलं पाणी फसकन बाहेर पडलं, मागोमाग नुसती वाफ. चावी बंद केली. बॉयलरमधून पाणी परत यायला हवं होतं, टुणकन उडी मारून. आलं नाही. काच रिकामीच राहिली. मग वरून शिरलेल्या वाफेचं पाणी होऊन एकेक थेंब तळाशी साचू लागला.

"आप्पा, इस्तू काढायला लागतोय," मी म्हटलं.

"का?"

"आत पाणी किती हाय मला ठावं न्हाई."

"आत्ता दिसत हुतं की अर्धं!"

"ते खोटं हुतं. वाट बंद झाल्या खालची."

ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेवू, लोकं बघायलीत. एवढा ऊस हुंदे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं, आणि हे मागणंच होतं. मी वळून आत्तीला ओरडले, "आत्ती, पोरास्नी मागं घे! गडग्यावरनं उतरीव!" आत्ती बोलण्यात कडक, पण अशा वेळी कारण विचारायची नाही. तिने पदर खोचला आणि पोरांना ओढून खाली टाकलं. आप्पा माझ्या आणि भट्टीच्या मधे उभे होते. "हात काढ," ते म्हणाले. मी त्यांच्या बाजूने आत शिरले, त्यांना खांद्याने ढकललं, आणि भट्टीखालच्या जाळीची खीळ आकड्याने उपसली. सगळा निखारा एकदम खाली आला, राखेच्या तबकात मावला नाही, जमिनीवर पसरला. एक निखारा माझ्या घोट्यापाशी अडकून बसला. त्याचा डाग आजही आहे, आवळ्याएवढा. इंजिनाने आणखी सात-आठ फेरे घेतले, दर फेऱ्याला हळू होत, आणि थांबलं. चरकात एक कांडं अर्धं आत, अर्धं बाहेर राहिलं.

 मग बुधवंत म्हणाला, "इंजीन पोरीला भ्यालं का पोरगी इंजिनाला?" आणि सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. माणसं पातोळे खाऊन, होता तेवढा रस पिऊन गेली. उरलेला ऊस दुपारी बैलांच्या चरकावर गाळला. आप्पा तिथे नव्हते. ते खालच्या खाचराकडे निघून गेले होते. आईने माझ्या घोट्याला कोरफडीचा गर लावला. आत्तीने आपलं सगळं वजन शब्दांवर टाकून सांगितलं, "चार मानसांत बापाला ढकाललीस. काय फुटलं का इंजीन? न्हाई न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई."  जे झालंच नाही ते दाखवणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी उठून अंगणात आले तर आप्पा इंजिनापाशी उकिडवे बसले होते. वरचं बूच त्यांनी काढलं होतं. माझ्या ट्रंकेतून घेतलेली पितळी सळई त्यांच्या हातात होती. त्यांनी ती आत बुडवली, बाहेर काढली, उजेडात धरली. धोतराला पुसली आणि परत बुडवली. तिसऱ्यांदा त्यांनी ती न पुसता माझ्याकडे दिली. ओल खालच्या ओरखड्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. थंड झाल्यावर पाणी थोडं आक्रसतं हे धरलं तरी, जेव्हा मी खीळ उपसली तेव्हा भट्टीच्या छतावर पाणी असेल तर बोटाच्या पेराएवढं असेल, किंवा नसेल.

आज मी हे लिहिते तेव्हा एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती तेव्हा मला माहीत नव्हती. अशा बॉयलरच्या छतात शिशाचं एक बूच बसवलेलं असतं. पाणी संपलं की ते वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि आग आपोआप विझते. मिंगेलसारख्या माणसाने ते बसवलं नसेल असं होणार नाही. तेव्हा मी काही केलं नसतं तरी कदाचित शिसं वितळलं असतं, थोडी वाफ फुसकली असती आणि सगळे हसून घरी गेले असते. कदाचित नाही. शिशावर क्षार बसला की ते वेळेवर वितळत नाही, हेही मी नोकरीत पाहिलं आहे. मी त्या दिवशी कोणाला वाचवलं की नुसता खेळ मोडला, हे मला सांगता येत नाही. मला माहीत नव्हतं आत किती पाणी आहे, एवढंच खरं.

आप्पांनी काचेखालची जोडणी उघडली, सायकलच्या चाकाची तार सरळ करून आत घातली आणि फिरवली. तारेबरोबर काळ्या चिकणमातीची गोळी बाहेर आली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि तसेच स्वयंपाकघरात गेले. मी दाराशी थांबले. आई चुलीपुढे होती, आत्ती नारळ खवत होती.

"अक्का," आप्पा म्हणाले, "ही आपल्या पाटाची माती."

आत्तीने बघितलं. "मग?"

"पाणी मी गाळलं न्हवतं. पोरीनं इचारलं तवा व्हय म्हणालो."

आत्ती खवत राहिली.  वाटी संपवून तिने खवणी बाजूला सारली, कोरफडीचं पान तोडून आणलं आणि मला खाली बसवून माझा घोटा मांडीवर घेतला. तिचा हात फार जड होता. दुखलं, पण मी पाय काढला नाही.

त्याच दिवशी आप्पा पुन्हा घरोघर गेले. बुधवंताकडे ते काय बोलले ते मला माहीत नाही. आत्तीकडून नंतर कळलं, की तिथे त्यांनी खाली बसून पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्याउभ्याच सांगितलं, "पोरगी बरोबर हुती, चूक माझी हुती, परवा परत या." आमच्या भागात बाप असं चारचौघांत जाऊन सांगत नाही. आत्ती हे सांगताना रागावलेली होती की नाही, ते तिच्या आवाजावरून ओळखता येत नव्हतं.

ऊस आमचा संपला होता. आप्पांनी शेजाऱ्याकडून एक मोळी आणली. पाणी विहिरीचं, मी दोन फडक्यांतून गाळलं, आणि मी गाळत असताना आप्पा घागर धरून उभे होते. लोक तितके आले नाहीत, पण बुधवंत आला. पोरांना आत्तीने खळ्याच्या पलीकडे, आंब्याखाली बसवलं आणि स्वतः मधे बसली. दाब चढल्यावर मी दांडा आप्पांकडे दिला. त्यांनी मान हलवली.

"तू चालीव. मी ऊस लावतो," ते म्हणाले.

मी दांडा ओढला. काचेतलं पाणी नाचत होतं. मी दर थोड्या वेळाने चावी उघडून बघत होते, पंप मारत होते, मूठभर कोळसा टाकत होते, आणि डोळे वर करायला मला सवड नव्हती. घागर भरल्याचं मला आवाजावरून कळलं. पहिला रस आमच्याकडे देवापुढे ठेवतात, मग घरातल्या वडीलधाऱ्याला देतात. आईने देवापुढे वाटी ठेवली. मग आप्पांनी पितळी पेला भरला. मला वाटलं तो आत्तीला जाईल. ते पेला घेऊन माझ्याजवळ आले आणि उभे राहिले. माझा एक हात पंपावर होता, दुसरा दांड्यावर. घेऊ कसा? त्यांनीही घाई केली नाही. चाक फिरत होतं, धुराड्यातून काजळी उडत होती आणि ते पेला धरून उभे होते, दोरीपाशी उभं राहणाऱ्या माणसासारखे नव्हे, तर कामावरच्या माणसाला पाणी द्यायला आलेल्या माणसासारखे. बऱ्याच वेळाने मी एक हात मोकळा केला आणि पेल्याकडे बघितलं. रसावर काजळीचे काळे कण तरंगत होते. आप्पांनीही ते पाहिले. त्यांनी तो पेला स्वतः एका दमात पिऊन टाकला, तोंड पुसलं आणि माझ्यासाठी दुसरा भरून आणायला घागरीकडे वळले.